पदवीनंतरचा रकाना

रेचल बॉडली मूळच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक. 1874 पासून त्या फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या डीन होत्या. बायकांनी डॉक्टर होऊ नये असे म्हणणाऱ्यांची अमेरिकेत तेव्हा वाण नव्हती. मुली शिकतील, लग्न करतील आणि शिक्षण चुलीत जाईल, हा त्यांचा आवडता मुद्दा. वादात शिरण्याऐवजी बॉडलीबाईंनी मोजदाद केली. कॉलेज 1850 मध्ये सुरू झाले होते. तेव्हापासून बाहेर पडलेल्या आणि हयात असलेल्या 244 पदवीधरांना त्यांनी प्रश्नावली पाठवली: तुम्ही वैद्यकी करता का, कोणत्या प्रकारची, स्थानिक वैद्यकीय मंडळे तुम्हांला सभासद करून घेतात का, आणि या व्यवसायाचा तुमच्या संसारावर काय परिणाम झाला. 189 जणींची उत्तरे आली. त्यांतल्या 166 जणी प्रत्यक्ष वैद्यकी करत होत्या. मार्च 1881 च्या पदवीदान समारंभात बॉडलींनी हे आकडे वाचून दाखवले आणि ते भाषण पुस्तिकेच्या रूपाने छापले.

माजी विद्यार्थिनींना ‘सध्या काय चालले आहे?’ असे विचारण्याची ही रीत त्या कॉलेजात मुरली. 1875 मध्ये स्थापन झालेली तिथली माजी विद्यार्थिनींची संघटना दरवर्षी सभा भरवी, अहवाल काढी, पत्ते जपून ठेवी. या दप्तराचा मराठी वाचकाशी थेट संबंध आहे, कारण त्यात दोन मराठी बायका आहेत. एकीचे नाव शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. दुसरीचे नाव डॉक्टरी शिकणाऱ्या मुलींनाही सहसा ठाऊक नसते. दोघींच्या नावांपुढे पदवीनंतरचा रकाना भरायला घेतला की आपली स्मृती कशी चालते तेही कळते.

पहिली अर्थात आनंदीबाई जोशी. 28 जून 1883 रोजी न्यू जर्सीतल्या रोझेल गावाहून त्यांनी कॉलेजचे अधिकारी आल्फ्रेड जोन्स यांना लिहिलेले प्रवेशाचे पत्र आजही फिलाडेल्फियात ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. अमेरिकेत उतरून त्यांना जेमतेम साडेतीन आठवडे झाले होते. 4 जूनला त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या होत्या. वय 18. पत्रात त्यांनी आपल्या शिक्षणातल्या उणिवांचे अवडंबर माजवले नाही की गयावयाही केली नाही. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून जो निर्धार इथवर घेऊन आला तोच पुढे कामाला येईल, असा त्यांचा सूर आहे. माझ्या देशातल्या बायका पुरुष वैद्याला हात लावू देण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मी आले आहे, असे त्या लिहितात. पत्र अर्जाचे आहे, पण वाचताना ते करारासारखे वाटते. काम आधी ठरलेले आहे आणि पदवी त्या कामासाठी हवी आहे.

कॉलेजातल्या वास्तव्याचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा म्हणजे 10 ऑक्टोबर 1885 या तारखेचे छायाचित्र. त्यात आनंदीबाई साडीत, जपानच्या केई ओकामी किमोनोत आणि दमास्कसच्या साबात इस्लांबूली आपल्या सीरियन पोशाखात आहेत. आंतरजालावर ते इतके फिरले आहे की आता कुणी नीट पाहत नाही. त्याखालचा मजकूर मात्र पाहण्यासारखा आहे. तिघींच्या नावांआधी ‘डॉ.’ लागले आहे. 1885 च्या ऑक्टोबरात तिघींपैकी एकही डॉक्टर झालेली नव्हती. आनंदीबाईंना पदवी मिळाली 11 मार्च 1886 रोजी, ओकामींना 1889 मध्ये आणि इस्लांबूलींना 1890 मध्ये. मजकूर फोटोच्याच दिवशी कुणी कौतुकाने लिहिला असेल तर गोष्ट वेगळी. पण ‘डॉ.’ खरे धरायचे तर तो 1890 च्या आधीचा असू शकत नाही. म्हणजे आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर निदान तीन वर्षांनी कॉलेजातल्या कुणीतरी तिघींची नावे एका ओळीत मांडली.

आणखी एक बारकावा. आनंदीबाईंच्या नावापुढे गाव आहे ते ना कल्याण, ना पुणे. तिथे श्रीरामपूर आहे, बंगालमधले, आणि तेही चुकीच्या स्पेलिंगने: ‘सेरानिसोर’ असे काहीतरी. हस्ताक्षरातला ‘म’ आणि ‘प’ पाहून नक्कल करणाऱ्याची गफलत झाली असणार. पण श्रीरामपूर आले कुठून? त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात होते, बदलीने तिथे गेले होते. आनंदीबाईंनी 24 फेब्रुवारी 1883 रोजी ‘मी अमेरिकेला का जाते’ हे भाषण केले ते तिथेच, आणि 7 एप्रिलला कलकत्त्याहून त्या जहाजात बसल्या. कॉलेजच्या वहीत शिरला तो नवऱ्याच्या नोकरीचा शेवटचा पत्ता. इतिहासाच्या साधनांत बाईचे गाव असे ठरते.

आता रकाना भरू. मार्च 1886 मध्ये पदवी. पंडिता रमाबाई त्या समारंभाला आवर्जून इंग्लंडहून आल्या होत्या. बॉडलींनी ही बातमी राणी व्हिक्टोरियालाही कळवली आणि राणीच्या सचिवाकडून पोच आली. पदवीसाठीचा प्रबंध ‘आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्र’ या विषयावर होता. पदवीनंतर अनुभवासाठी बोस्टनच्या न्यू इंग्लंड हॉस्पिटलमध्ये काही काळ काम. कोल्हापूर दरबाराने अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रीविभागाची जबाबदारी देऊ केली आणि ती त्यांनी पत्करली. ही नेमणूक आभाळातून पडली नव्हती. 1885 मध्ये लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने हिंदुस्थानातल्या स्त्रियांना बाई-डॉक्टर मिळावी म्हणून निधी उभा राहिला होता आणि संस्थानिकांत अशी डॉक्टर नेमण्याची अहमहमिका सुरू झाली होती. शिकलेल्या बाईला नोकरी तयार होती. अडत होते ते प्रकृतीपाशी. 9 ऑक्टोबर 1886 रोजी ‘एत्रुरिया’ जहाजाने त्या न्यूयॉर्कहून निघाल्या, 16 नोव्हेंबरला मुंबईला उतरल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात क्षयाने गेल्या.

पदवी ते मृत्यू, साडेअकरा महिने. त्यातला मोठा भाग आजारपणाचा आणि प्रवासाचा. कोल्हापूरच्या इस्पितळात एकही रुग्ण त्यांनी तपासला नाही. बॉडलींच्या 1881 च्या प्रश्नावलीला आनंदीबाईंनी उत्तर पाठवायचे ठरवले असते तर पहिल्याच प्रश्नापाशी लेखणी थांबली असती.

तरीही त्यांच्यावर कागद किती आहेत पाहा. एका वर्षाच्या आत रमाबाईंचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ फिलाडेल्फियात छापले गेले. त्याची प्रस्तावना बॉडलींची, आणि तिच्यात आपल्या विद्यार्थिनीच्या मृत्यूची वेदना आहे. 1888 मध्ये कॅरोलाइन डॉल यांनी बोस्टनहून इंग्रजी चरित्र काढले. मराठीत काशीबाई कानिटकरांनी चरित्र आणि पत्रे छापली. पुढे श्री. ज. जोशींची कादंबरी आली, नाटक आले, अंजली कीर्तने यांचे संशोधनपर चरित्र आले, 2019 मध्ये चित्रपट आला. तिकडे अमेरिकेत त्यांना आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या थिओडिसिया कार्पेंटरबाईंनी पुण्याहून आलेली रक्षा न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीत आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवली आणि वर दगड उभारला.

ही साधने वापरताना एक गोष्ट विसरू नये. यांतले प्रत्येक लेखन मृत्यूनंतरचे आहे आणि प्रत्येकाला त्या मृत्यूतून काही सिद्ध करायचे होते. बॉडलींना कॉलेजचे काम पुढे न्यायचे होते, रमाबाईंना विधवाश्रमासाठी अमेरिकेत पैसा उभा करायचा होता, डॉल यांना अमेरिकन बायकांपुढे आदर्श ठेवायचा होता. हेतू वाईट नव्हते. रमाबाईंचा तर फळालाही आला: 11 मार्च 1889 रोजी, आनंदीबाईंच्या पदवीला तीन वर्षे पुरी होण्याच्या तारखेला, मुंबईत शारदासदन उघडले. पण या सगळ्या लेखनात आनंदीबाई ‘जाणारी’ आहे, ‘शिकणारी’ आहे, ‘गेलेली’ आहे. डॉक्टर म्हणून काम करणारी नाही, कारण तो भाग घडलाच नाही. जो भाग घडला नाही त्याच्या बदल्यात बाकीचा भाग मोठा होत गेला.

दुसरी बाई गुरुबाई करमरकर. 1888 मध्ये त्या पती सुमंतराव विष्णु करमरकर यांच्याबरोबर अमेरिकेला गेल्या. सुमंतराव ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकायला गेले होते, हार्टफर्डच्या सेमिनरीत आणि पुढे येलला. गुरुबाई फिलाडेल्फियात वैद्यक शिकल्या आणि 1892 मध्ये त्याच कॉलेजातून पदवीधर झाल्या. 1893 मध्ये दोघे परत आले. गुरुबाईंनी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्ये 23 वर्षे डॉक्टर म्हणून काम केले. 1906 मध्ये पॅरिसला भरलेल्या यंग विमेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या जागतिक परिषदेला त्या प्रतिनिधी म्हणून गेल्या होत्या. 1912 मध्ये सुमंतराव वारले. गुरुबाई 1932 मध्ये वारल्या.

आनंदीबाईंच्या साडेअकरा महिन्यांशेजारी ही 23 वर्षे ठेवून पाहा. आणि ती कोणती वर्षे? 1896 च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेगचा पहिला रुग्ण डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखला आणि मुंबईतून लाखो माणसे पळत सुटली. त्याच वर्षी दुष्काळ पडला, पाठोपाठ 1899-1900 चा मोठा दुष्काळ, ज्याला लोक ‘छप्पन्नचा दुष्काळ’ म्हणतात. भुकेने वाळलेल्या माणसांचे लोंढे मुंबईच्या रस्त्यांवर आले. गुरुबाईंनी अमेरिकेतल्या ख्रिस्ती महिला मंडळाला धाडलेल्या पत्रांत याच लोकांचा तपशील आहे: सर्वांत खालच्या मानलेल्या जातींतली माणसे, उपासमारीने खंगलेले रुग्ण, नवऱ्याघरी छळ सोसणाऱ्या मुली. बायकामुलांबरोबर त्या पुरुषांनाही तपासत. बाई-डॉक्टर म्हणजे पडद्यामागच्या बायकांपुरती, या डफरिनच्या काळातल्या चौकटीत त्यांचे काम बसत नव्हते.

मिशनचे कागदही निर्दोष नसतात. पत्र जाते देणगीदारांकडे. देणगीदाराला इथला अंधार जितका गडद दिसेल तितका हात सैल सुटतो, हे पत्र लिहिणाऱ्याला माहीत असते. दुःखाचे वर्णन, मग औषध, मग प्रार्थना, असा या पत्रांचा साचा ठरलेला आहे. म्हणून त्यांतली संस्कृतीविषयीची मते जपून घ्यावीत. मात्र कोणते रोग, कोणत्या वयाचे रुग्ण, कुठल्या वस्तीतले, हा मजकूर खोटा ठरवायला सहसा कारण नसते. हे मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे दप्तर हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात सुरक्षित आहे. मराठी मिशनचे स्वतःचे ‘ज्ञानोदय’ हे पत्र तर 1842 पासून निघत होते, आणि तेही मराठीत. म्हणजे गुरुबाईंच्या 23 वर्षांचे साधन नाही म्हणून त्या विसरल्या गेल्या, असे म्हणता येत नाही. साधन होते, वाचक नव्हता.

का नव्हता? कारणे फार खोल शोधायला नकोत. गुरुबाई ख्रिस्ती होत्या. ‘परधर्म न स्वीकारता परदेशी शिकून आलेली ब्राह्मण मुलगी’ ही आनंदीबाईंच्या कीर्तीची एक बाजू होती. जाण्याआधी श्रीरामपूरच्या भाषणात त्यांनी स्वतःच हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून परत येईन असे बजावले होते. पुण्याच्या सनातन्यांनाही शेवटी त्यांचे कौतुक करणे सोपे गेले ते त्यामुळे. गुरुबाईंच्या बाबतीत असा समेट करण्याची कुणाला गरज पडली नाही. आपला पांढरपेशा समाज मिशनच्या दवाखान्यात औषध घ्यायला जायचा, पण तिथल्या डॉक्टरिणीचे चरित्र लिहायला बसणार नव्हता. दुसरे कारण अधिक साधे आहे: त्या ‘पहिल्या’ नव्हत्या. पहिलेपणाचे आपल्याला भलतेच वेड. दुसरी आली की टाळ्या थांबतात, मग ती दुसरी कितीही वर्षे राबो.

बाईचे नाव टिकायला दुसऱ्याचा आधार लागतो हे तसे जुनेच. पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याला भोरचा फाटा फुटतो तिथे कापूरहोळ लागते. तिथल्या गाडे घराण्यातली धाराऊ आज सर्वांना माहीत आहे, कारण तिने ज्याला पाजले तो मुलगा संभाजीराजे होता. त्या पंचक्रोशीत त्या काळी दुसऱ्याची मुले पाजणाऱ्या, बाळंतपणे करणाऱ्या बायका कमी नसणार. त्यांची नोंद व्हायला त्यांच्या मांडीवर राजपुत्र हवा होता. आनंदीबाईंच्या मागे गोपाळराव होते, त्यांचे विक्षिप्तपण, त्यांची पत्रापत्री, मिशनरी वाइल्डर यांना 1878 मध्ये धाडलेले पत्र आणि ते वाचून हळहळलेल्या कार्पेंटरबाई. मजेची गोष्ट म्हणजे सुमंतरावही शिकलेले, बोलके, अमेरिकेत वावरलेले होते. पण ते स्वतः मिशनचे माणूस, आणि मिशनच्या कहाणीत बायकोची वैद्यकी हा नवऱ्याच्या धर्मकार्याचा एक विभाग ठरे.

याच काळात लंडनला शिकलेल्या डॉ. रखमाबाईंचेही काहीसे असेच झाले आहे. 1884 ते 1888 पती दादाजी भिकाजीच्या दाव्याने सारा देश हादरला. नवऱ्याकडे जाणार नाही, हवे तर तुरुंगात जाईन, हे त्यांचे म्हणणे आजही वारंवार सांगितले जाते. मग कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांच्या प्रोत्साहनाने 1889 मध्ये त्या लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनला गेल्या, 1894 मध्ये शिकून परतल्या आणि सुरतेला रुजू झाल्या. पुढे राजकोट. 1918 मध्ये त्यांना विमेन्स मेडिकल सर्व्हिसमध्ये बोलावणे आले होते, ते त्यांनी नाकारले आणि राजकोटच्या संस्थानी स्त्री-रुग्णालयाचे काम पत्करले. निवृत्ती 1930 च्या आसपास, मृत्यू 25 सप्टेंबर 1955. पस्तीसएक वर्षे चाललेली ही वैद्यकी चार वर्षांच्या दाव्याच्या सावलीत झाकली गेली. ते बोलावणे नाकारून संस्थानात जाणे हा कारकिर्दीतला मोठा निर्णय आहे. त्यावर चर्चा करावी असे चरित्रकारांना सहसा वाटत नाही. कोर्टाची गोष्ट रंगते, बाळंतिणीच्या वॉर्डाची रंगत नाही.

आनंदीबाईंच्या फोटोतल्या दुसऱ्या दोघींचेही पाहून टाकू. ओकामी जपानला परतून टोकियोच्या जिकेई रुग्णालयात काम करू लागल्या. सम्राटाच्या भेटीच्या वेळी बाई-डॉक्टर नको म्हटल्यावर त्यांनी राजीनामा दिला आणि स्वतःचा दवाखाना घातला. इस्लांबूली दमास्कसला परतल्या. 1919 मध्ये माजी विद्यार्थिनींच्या यादीत त्यांचा पत्ता कैरोचा आहे, आणि त्यापुढे कॉलेजचा त्यांच्याशी संपर्क राहिला नाही.

उरले कोल्हापूर. अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलची इमारत आजही उभी आहे. आता ते छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, लोकांच्या तोंडी सीपीआर. आनंदीबाईंसाठी ठरलेले स्त्रीविभागाचे काम विसाव्या शतकाच्या आरंभी डॉ. कृष्णाबाई केळवकरांच्या हाती आले. पंढरपुरात जन्मलेल्या, फर्ग्युसन कॉलेजात शिकलेल्या, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेल्या कृष्णाबाईंना शाहू महाराजांनी पुढल्या शिक्षणासाठी परदेशी पाठवले, आणि परतल्यावर त्यांनी कोल्हापुरातच हयात घालवली. 1883 च्या पत्रात अठरा वर्षांच्या मुलीने जे काम करीन म्हणून लिहिले होते, ते त्या इस्पितळात केले ते कृष्णाबाईंनी. कोल्हापूरच्या जुन्या घरांत ‘आमचा जन्म कृष्णाबाईंच्या हातचा’ असे सांगणारी म्हातारी माणसे असत. या वाक्याला दप्तरात रकाना नाही. पण बॉडलींनी 1881 मध्ये जी माहिती मागवली होती, तिच्यात ते निश्चित बसले असते.

गुरुबाईंसाठी मात्र अजून कुणीतरी ‘ज्ञानोदय’च्या 1893 ते 1916 च्या फायली उघडून बसायला हवे. अमेरिकेतल्या महिला मंडळाला लिहिलेली इंग्रजी पत्रे आणि त्याच महिन्याचा मराठी अंक शेजारी ठेवून वाचला, तर देणगीदाराला काय सांगितले आणि मराठी वाचकाला काय सांगितले यातला फरक दिसेल, आणि त्या फरकाच्या मधे कुठेतरी गुरुबाईंची रोजची ओपीडी सापडेल.